मंडळीच्या बाहेरच्या सेवेचा खरंच उपयोग होतो का, हे मोजायचं कसं?

सलाम. तुमचा प्रश्न वाचला, थोडं सविस्तरच लिहिते, कारण हा प्रश्न नाशिकमधल्या बऱ्याच मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीत येतो आणि बहुतेक ठिकाणी "पुढच्या मीटिंगला बघू" म्हणून राहून जातो. तुम्ही लिहिलंय की तुमची मंडळी वर्षाला दोन मेडिकल कॅम्प घेते, सातपूरच्या एका वस्तीत संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालवते, पेठकडच्या एका पाड्यावर पाण्याची टाकी बसवून दिलीय आणि नाताळात ब्लँकेट वाटप असतं. वार्षिक सभेत हे सगळं आकड्यांसकट वाचून दाखवलं, टाळ्या झाल्या, आणि मग एका तरुण सभासदाने उभं राहून विचारलं की याने नेमकं कोणाचं काय बदललं, तर समोर बसलेल्या कोणालाच सांगता आलं नाही, वर काही ज्येष्ठांना तो उद्धटपणा वाटला. मला विचाराल तर त्या मुलाला आधी कमिटीत घ्या. असा प्रश्न विचारणारा माणूस मंडळीत असणं हीच अर्धी तयारी झाली.

मी बरीच वर्षं ट्रस्ट आणि मंडळ्यांच्या सेवाकार्याचं मूल्यमापन करते, नाशिक शहरात आणि वरच्या आदिवासी तालुक्यांतही. तेव्हा जे सांगते ते त्या कामातून आलेलं आहे.

आधी ज्येष्ठांच्या हरकतीबद्दल, कारण ती खरी आहे आणि तिला बाजूला सारून पुढे गेलात तर काम अर्ध्यात अडेल. देवाचं काम मोजू नये, दावीद राजाने गणती केली आणि देशावर मरी आली, असं कोणीतरी म्हणणारच. बरोबर आहे, बायबलमधल्या २ शमुवेलच्या २४ व्या अध्यायात तसंच आहे. पण दावीदाने मोजलं काय, तर तलवार चालवणारे पुरुष, म्हणजे स्वतःची ताकद. आणि त्याच शास्त्रात लूक १५ मधला मेंढपाळ आहे, त्याच्याकडे शंभर मेंढरं, आणि मोजल्याशिवाय त्याला कळलंच नसतं की एक हरवलंय. दोन्हीकडे मोजणीच आहे, फक्त एक मोजणी आपण किती मोठे हे बघायला आणि दुसरी कोण सुटलं हे शोधायला. तुमच्या वार्षिक रिपोर्टातले आकडे यातल्या कुठल्या जातीचे आहेत ते एकदा कमिटीत बसून शांतपणे बघा.

आणि मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला उतारा म्हणजे प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत गरिबांसाठी रोजची वाटणी चालू होती आणि ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा त्यातून सुटत होत्या. तक्रार आली. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प बसवलं नाही, एकूण किती ताटं वाढली याचा आकडा तोंडावर फेकला नाही, सात माणसं नेमली, आणि त्या सातांची नावं वाचा, स्तेफन, फिलिप्प आणि बाकीची, सगळीच्या सगळी ग्रीक नावं आहेत. म्हणजे ज्यांची माणसं सुटत होती त्यांच्याच हातात वाटणी दिली असं दिसतं. आज आम्ही लोक ज्याला फीडबॅक म्हणतो, लाभार्थ्यांचा सहभाग म्हणतो, ते सगळं या सात ओव्यांत आहे. माझं सगळं म्हणणं इथूनच निघतं: मंडळीच्या बाहेरच्या कामाचं मोजमाप मंडळीच्या आत बसून होत नाही, ज्याच्यासाठी केलं त्याच्या दारात जाऊन, त्याला "नाही, उपयोग नाही झाला" म्हणायची पूर्ण मोकळीक देऊन करावं लागतं. बाकी सगळी तंत्रं या एका गोष्टीसाठी आहेत.

आता तुमची कामं एकेक घेऊ.

मेडिकल कॅम्पपासून सुरू करते कारण तिथे मोजणं सोपं आहे आणि तिथेच सगळ्यात जास्त फसगत होते. रिपोर्टात येतं "इतक्या रुग्णांनी लाभ घेतला". लाभ घेतला की नाही ते माहीत नाही, ते आले एवढंच माहीत आहे. समजा २०० माणसं आली आणि त्यातल्या ४० जणांचं बीपी १४०/९० च्या वर निघालं. कॅम्पच्या गर्दीत, रांगेत उभं राहून दमलेल्या माणसाचं एकदाच घेतलेलं बीपी म्हणजे निदान नाही, दुसऱ्या दिवशी परत बघावं लागतं, मग त्यांना सिव्हिलला किंवा महापालिकेच्या दवाखान्यात जायला सांगितलं जातं, चिठ्ठी दिली जाते, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या जातात आणि सगळे घरी. बीपीचं औषध वर्षानुवर्षं घ्यायचं असतं, पाच दिवसांच्या गोळ्यांनी त्या माणसाच्या तब्येतीत काहीही फरक पडत नाही. तेव्हा मोजायचं ते हे: त्या ४० पैकी परत तपासले किती, त्यातले आजार पक्का झालेले किती, दवाखान्यात खरोखर पोचले किती, आणि तीन महिन्यांनी औषध चालू असलेले किती. हे चारच आकडे. यासाठी लागतं एक साधं रजिस्टर, नाव, वस्ती, मोबाईल नंबर, रीडिंग, कुठे पाठवलं, आणि फोन करायला दोन-तीन माणसं. महिला मंडळातल्या बायका हे काम फार चांगलं करतात, कारण त्या "औषध घेता का" एवढंच विचारून फोन ठेवत नाहीत, घरचं विचारतात, आणि मग खरं कारण बाहेर येतं.

आणि कारणच तर हवंय. आकडा कुठे तुटतो ते बघायचं. एका मंडळीच्या कामात असं दिसलं की चिठ्ठी घेतलेले बहुतेक लोक दवाखान्यात पोचलेच नव्हते, आणि कारण विचारलं तर जवळपास सगळ्यांचं एकच, ओपीडी सकाळची, आणि सकाळी दवाखान्यात गेलं की दिवसाचा रोज बुडतो. नाक्यावर उभा राहणारा माणूस बीपीसाठी रोज बुडवणार नाही, त्याला त्रास काहीच जाणवत नाही ना. मग त्या मंडळीने दुसरा कॅम्प घ्यायचं सोडून तोच खर्च महिन्यातून दोन संध्याकाळी एक डॉक्टर वस्तीत बसवण्यावर केला. रिपोर्टातला रुग्णांचा आकडा एकदम खाली आला आणि औषध चालू असलेल्यांचा वर गेला. कमिटीला हे पचायला वेळ लागला, कारण वार्षिक सभेत छोटा आकडा वाचताना आवाज आपोआप खाली जातो, पण काम झालं ते त्या वर्षीच.

अभ्यासवर्ग. इथे लोक हजेरी मोजतात, फार तर चाचणीचे मार्क. माझा सल्ला, प्रथम संस्थेची 'असर'ची वाचन चाचणी वापरा, २००५ पासून देशभर वापरतायत, मराठीत आहे, एका मुलाला पाच-दहा मिनिटं पुरतात आणि कॉलेजची पोरं थोड्या सरावाने घेऊ शकतात. मूल अक्षर ओळखतं का, शब्द वाचतं का, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद वाचतं का, दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचतं का, एवढंच. गणितात अंक ओळख, हातच्याची वजाबाकी, भागाकार. जूनमध्ये वर्ग सुरू व्हायच्या आठवड्यात प्रत्येक मुलाची पातळी लिहून ठेवा, डिसेंबरात परत, मार्चमध्ये परत. जूनची नोंद राहिली तर पुढचं सगळं वाया, कारण मग मूल कुठून कुठे आलं हे कधीच कळणार नाही.

आता इथली खरी अडचण सांगते, ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. जूनमध्ये समजा ३० मुलं होती, मार्चमध्ये १८ राहिली, आणि त्या १८ जणांची पातळी झकास वाढलेली दिसते. साहजिक आहे, कारण राहिली ती मुळात ज्यांच्या घरी थोडं स्थिर आहे ती. गेलेली १२ कोण? कोणाचे आईबाप भात कापणीला गावी गेले ते परत आलेच नाहीत, कोणाची आई द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे गेली आणि मोठी मुलगी धाकट्याला सांभाळायला घरी बसली, कोणाला गल्लीतल्या दुसऱ्या पोरांनी मारलं म्हणून येणं बंद. म्हणजे ज्यांच्यासाठी वर्ग सुरू केला नेमकी तीच मुलं गळतायत आणि आपण उरलेल्यांची सरासरी काढून खूश. म्हणून माझा नियम: जूनच्या यादीतलं एकही नाव खोडायचं नाही. मार्चचा हिशोब ३० चाच, आणि गेलेल्या प्रत्येक नावासमोर कारण लिहिलेलं हवं. कारण माहीत नसेल तर कोणीतरी त्या घरी जाऊन यायचं. लूक १५ वरचा संदेश वर्षातून एकदा ऐकतोच की आपण, हा त्याचाच भाग आहे.

आणखी एक, टक्केवारी काढू नका. १२-१५ मुलांच्या वर्गात दोन मुलं वर-खाली झाली की टक्का दहा-पंधराने हलतो आणि मग त्यावर भाषणं होतात. "१४ पैकी ९ मुलं आता परिच्छेद वाचतात, ३ शब्दावर अडलीत, २ सोडून गेली" असं वाक्य लिहा, ऐकणाऱ्याला सगळं कळतं.

कोणी विचारेल, मुलं शाळेतही जातातच, मग वाढ आपल्या वर्गामुळे झाली कशावरून? चांगला प्रश्न आहे आणि त्याचं पूर्ण उत्तर छोट्या मंडळीला मिळणं कठीण, पण थोडं जवळ जाता येतं. वर्गात जागा नाही म्हणून थांबलेली मुलं असतात ना, वेटिंगवरची, त्यांच्या पालकांना विचारून त्यांचीही जून आणि मार्चला तीच चाचणी घ्या. दोघांची चाल सारखीच निघाली तर वर्गाच्या पद्धतीत काहीतरी बदलायला हवंय. वर्गात नियमित येणारी आणि न येणारी यांची तुलना मात्र करू नका, वर सांगितलं त्याच कारणाने ती तुलना तुम्हाला खोटं समाधान देईल.

पाण्याच्या टाकीबद्दल. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी हा पट्टा पावसाळ्यात धो धो भिजतो आणि एप्रिल-मे मध्ये त्याच पाड्यांवर बायका खोल उतरून झऱ्यातलं पाणी वाटीने भरतात. म्हणून टाकीचं मोजमाप ऑगस्टमध्ये जाऊन केलंत तर सगळं छानच दिसेल. मे महिन्यात जा, एका घरातल्या बाईबरोबर सकाळी पाण्याला निघा, आणि हंडा घरात येईपर्यंत किती वेळ गेला ते बघा. टाकीच्या आधी किती लागायचा ते पाड्यावरच्याच दोन-चार बायकांना वेगवेगळं विचारा. टाकीत पाणी येतं कुठून, तो उद्भव मे पर्यंत टिकतो का, नळ बिघडला तर दुरुस्त कोण करतं, शेवटचा कधी बिघडला आणि किती दिवस तसाच होता, हे सगळं त्या एका सकाळीत कळतं. आणि बोलायला भाषेचं माणूस न्या. त्या भागात घरात कोकणा बोलतात, शहरातून आलेल्याने पुस्तकी मराठीत विचारलं की समोरची बाई मान हलवते आणि "बरं आहे" म्हणते, तुमच्या कागदावर "लाभार्थी समाधानी" असं येतं.

हे "बरं आहे" या कामातलं सगळ्यात मोठं संकट आहे असं माझं मत. देणाऱ्याने घेणाऱ्याला विचारलं की उत्तर ठरलेलं, पुढच्या वर्षी मिळायचं बंद होईल ही भीती असते, शिवाय आपल्याकडे घरी आलेल्या माणसाचं मन कोणी मोडत नाही. म्हणून विचारायला वाटप करणाऱ्यांपैकी कोणी जाऊ नये. दुसऱ्या पाळकक्षेत्रातली, म्हणजे दुसऱ्या मंडळीतली, माणसं बोलवा, तुम्ही त्यांचं करा, ते तुमचं करतील, किंवा एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्य शिकणारी, मुलं फील्डवर्कसाठी ठिकाणं शोधतच असतात. प्रश्नही असे हवेत की चांगलं-वाईट म्हणायची वेळच येऊ नये. ब्लँकेट कसं होतं असं विचारू नका, गेल्या वर्षीचं ब्लँकेट आता कुठे आहे ते विचारा. आम्ही आलो नसतो तर थंडीत काय केलं असतं? याच पैशात दुसरं काही करायचं असतं तर तुम्ही काय सांगितलं असतं? एका वस्तीत या शेवटच्या प्रश्नाला बऱ्याच बायकांनी सांगितलं की ब्लँकेट दोन-तीन ठिकाणांहून मिळतात, आम्हाला रेशन कार्डात सुनेचं आणि नातवाचं नाव घालायला कोणीतरी तहसीलला बरोबर यायला हवंय. पैसे जवळजवळ शून्य आणि काम असं की वर्षभराचं धान्य त्यावर अवलंबून. हे कमिटीत बसून कोणाला सुचलं असतं?

आता नाजूक भाग. कमिटीतले काही जण म्हणतील की शेवटी मंडळीचं काम सुवार्तेचं आहे, मग किती जण प्रभूकडे आले तेच मोजा. या विचाराला इतिहास आहे. मंडळीवाढीचा अभ्यास ज्यांनी उभा केला ते डोनाल्ड मॅकगॅव्हरन १८९७ मध्ये आपल्याच देशात, दमोहला जन्मले, इथेच मिशनरी म्हणून राबले, आणि त्यांनी विचारलेला प्रश्न रास्त होता, की इतकी वर्षं इतका पैसा घालून काही मंडळ्या वाढतात आणि काही आहेत तिथेच का राहतात. मिशन कंपाउंडमध्ये आरामात बसलेल्या लोकांना तो प्रश्न हवाच होता. पण तोच एक आकडा दवाखान्याला, शाळेला, टाकीला लावला की सगळं नासतं. गरजू माणसाला लगेच कळतं की यांना काय ऐकायचंय, आणि तो तेच बोलतो, म्हणजे तुमचा आकडाही खोटा आणि तुमचं त्याच्याशी नातंही खोटं. आजूबाजूचे लोक संशयाने बघायला लागतात ते वेगळंच. लूक १७ मध्ये येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले, परत आला एकच. बाकीचे नऊ कुठे, असं त्याने विचारलं जरूर, पण त्या नऊ जणांचं बरेपण काढून घेतलं नाही. सेवेचा हिशोब दहाचा आहे, आणि तो अटीशिवाय आहे. हे कमिटीने ठरावात लिहून घ्यावं, म्हणजे कार्यकर्त्यांच्याही मनात गोंधळ राहत नाही.

साक्षीचं, म्हणजे जगण्यातून आपला विश्वास दाखवायचं, काम वेगळं बघा आणि तिथे स्वतःकडे बघा. तुमच्या सभासदांपैकी किती जणांच्या घरी गेल्या वर्षभरात मंडळीबाहेरचं माणूस जेवायला आलं, आणि किती जण अशा माणसाच्या दुःखात त्याच्या घरी गेले. पहिल्यांदाच उपासनेला आलेल्या माणसाशी बाहेर पडेपर्यंत कोणी बोललं का, तो परत आला का. हे मोजता येतं. पुढचं नाही येत. कवी ना. वा. टिळकांना रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या एका अनोळखी गोऱ्या माणसाने नवा करार दिला आणि १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, तो माणूस कोण होता हेही कळलं नाही, मग कुठल्या मंडळीच्या रिपोर्टात ते धरायचं? असं काम होत राहणार, त्यासाठी प्रार्थना करा, रकाना करू नका.

नाशिकच्या शरणपूरचं उदाहरण मी ट्रेनिंगमध्ये नेहमी घेते कारण ते आपल्याच दारातलं आहे. १८५४ च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीने तिथे वसाहत वसवली, गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकायला ठेवली जायची. त्यातला एक जेकब वेनराइट. प्रसिद्ध मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन १८७३ मध्ये आफ्रिकेच्या आत वारला तेव्हा त्याचं शव समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्या लोकांत जेकब होता, तो वारला तिथल्या झाडावर त्याच्या स्मरणाचा लेख जेकबने कोरला, आणि एप्रिल १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफनाच्या वेळी शवपेटीला हात लावणाऱ्यांतही तो होता. नाशिकला लिहायला-वाचायला शिकलेला मुलगा. शरणपूरच्या कुठल्याही एका वर्षाच्या रिपोर्टात हे मावलं नसतं, म्हणून म्हणते की काही फळं फार उशिरा येतात, तेव्हा वर्गातून गेलेल्या मुलांच्या याद्या जपून ठेवा, पाच वर्षांनी, दहा वर्षांनी त्यांना शोधा. पण त्याच दमात हेही सांगते की एक जेकब सांगून त्याच्याबरोबरच्या बाकीच्या मुलांचं काय झालं हा प्रश्न मिटत नाही. प्रत्येक मंडळीकडे अशी एक गोष्ट असते, वस्तीतला मुलगा जो इंजिनिअर झाला, आणि तो दर नाताळात स्टेजवर येतो. त्याचं कौतुक मनापासून करा, पण त्याच्या बॅचची पूर्ण यादी घेऊन बसा.

आता एक मोजमाप सांगते जे माझ्या आवडीचं आहे आणि ज्याला काहीच खर्च नाही. मंडळीच्या आजूबाजूच्या आणि तुमच्या वस्तीतल्या पाच-सहा लोकांकडे जा: आशाताई, अंगणवाडी सेविका, मनपा शाळेच्या मुख्याध्यापिका, रेशन दुकानदार, रिक्षा स्टँडवरचा कोणी जुना माणूस. त्यांच्याकडे दिवसभर अडलेली माणसं येतात. त्यांना एवढंच विचारा की एखाद्याला तुम्ही कधी आमच्या मंडळीकडे पाठवलंत का, शेवटचं कधी, कशासाठी, आणि त्याचं काम झालं का. दरवर्षी त्याच लोकांना तोच प्रश्न. मंडळीचं नाव माहीत असणं वेगळं आणि अडल्यावर तिकडे माणूस पाठवावासा वाटणं वेगळं. बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत नाशिकरोडला सगळ्या धर्मांची किती गर्दी लोटते, ती श्रद्धा मोठीच आहे, पण गर्दी ही त्या दोन-तीन दिवसांची गोष्ट झाली, आशाताई मंगळवारी दुपारी कोणाला तुमच्या दाराशी पाठवते हे वेगळं काहीतरी सांगतं.

मंडळीच्या आतलं दोनच गोष्टींत बघा. एक, काम करतं कोण. बहुतेक ठिकाणी तीच सहा-सात माणसं सगळीकडे असतात, त्यातली दोन आजारी पडली की सगळं बंद. यंदा पहिल्यांदाच कामात आलेले किती, एवढं मोजा. दोन, पैसा. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० खाली ट्रस्टचे ऑडिट केलेले हिशोब असतातच, ते काढा आणि एकूण खर्चातला कुंपणाबाहेरच्या माणसांवर किती गेला ते बघा. याने काम चांगलं की वाईट ते कळत नाही, पण मन कुठे आहे ते कळतं.

एक धोका आधीच सांगून ठेवते. १९७५ मध्ये चार्ल्स गुडहार्ट नावाच्या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने चलनधोरणाबद्दल एक निरीक्षण मांडलं होतं, ते सगळीकडे लागू पडतं: ज्या आकड्यावर तुम्ही माणसाला पकडाल तो आकडा बिघडतो. अभ्यासवर्गाच्या ताईला सांगितलंत की पातळी वाढली तर मानधन वाढेल, तर ती कच्ची मुलं घेणंच बंद करेल, आणि तिला दोष देता येणार नाही. आकडे शिकण्यासाठी वापरा, बक्षीस आणि शिक्षेसाठी नको. वाईट आकडा घेऊन येणाऱ्याला कमिटीत पाणी द्या, बसवा, ऐका, पहिल्या मीटिंगला त्याला झापलंत तर दुसऱ्या मीटिंगपासून सगळे आकडे चांगलेच येतील.

नोंदींबद्दल थोडक्यात: आजाराची रजिस्टरं कुलपात ठेवायची, व्हॉट्सॲप ग्रुपवर यादीचा फोटो टाकायचा नाही, नाव-नंबर घेताना कशासाठी घेतोय ते सांगून परवानगी घ्यायची, आणि हातात वस्तू घेतानाचे फोटो बंद करा. मुलांचे तर पालकांना विचारल्याशिवाय अजिबात नको. सॉफ्टवेअर विचारलं होतंत, एक्सेल पुरेसं आहे, वहीसुद्धा पुरेशी आहे.

सुरुवात एकाच कामापासून करा, सगळं एकदम नको. तुमच्या जागी मी अभ्यासवर्ग घेतला असता, कारण जूनमध्ये त्याची नवी सुरुवात होते आणि चाचणी तयार आहे. दोन माणसं ठरवा, त्यातला एक तो प्रश्न विचारणारा मुलगा. आणि जूनमध्येच, आकडे यायच्या आधी, एका कागदावर लिहून पाळकसाहेबांकडे द्या की मार्चमध्ये अमुक निघालं तर आपण काय बदलू आणि अमुक निघालं तर काय बंद करू. आधी लिहिलेलं नसेल तर नंतर प्रत्येक आकड्याला स्पष्टीकरण सापडतं, हे मी फार ठिकाणी पाहिलंय.

बंद करण्यावरून तुम्ही शेवटी जे विचारलंय, की ब्लँकेट वाटप एका कुटुंबाकडून आईच्या स्मरणार्थ होतं आणि त्याला हात लावला तर मनं दुखावतील, ते अगदी खरं आहे आणि ते हलक्यात घेऊ नका. त्या कुटुंबासाठी ते ब्लँकेट म्हणजे आई आहे. म्हणून तो विषय कमिटीच्या मीटिंगमध्ये पहिल्यांदा निघता कामा नये. पाळकसाहेब आणि तुमच्यापैकी कोणी एक बाई, दोघांनी त्यांच्या घरी जा, आईबद्दल विचारा, तिला कोणाची काळजी वाटायची ते ऐका. मग या वर्षी वाटपाच्या वेळी त्यांच्यातल्याच कोणाला तरी बरोबर घेऊन वस्तीत जा, वाटायला नाही, नुसतं त्या बायकांशी बोलायला. रेशन कार्डाचं, दवाखान्याचं, जे काही तिथे निघेल ते त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकू द्या. पुढचं त्यांच्यावर सोडा, आणि त्यांनी ब्लँकेटच द्यायचं ठरवलं तर एक वर्ष अजून द्या.